निळी खूण

आमच्या भावकीत मी वेळ नसलेली म्हणून प्रसिद्ध होते. कांजूरमार्गला राहायचं, साकीनाक्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर माल पाठवायची कागदपत्रं करायची, घरी येऊन आईचं आणि माझं जेवण रांधायचं, आणि त्यातून उरलेल्या वेळात लोकांच्या नातवंडांचे दात बघायचे. मला ते जमत नव्हतं. ग्रुपवर सकाळी फुलं आणि सुविचार पडायचे, दुपारी कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, संध्याकाळी तोच केक कापताना. मी आठवड्या-दोन आठवड्यांनी कधीतरी रिक्षात बसले की अंगठ्याने सगळं एकदम वर ढकलायचे. याला वाचणं म्हणत नाहीत, हे मला मान्य आहे.

माझ्या काकाला ते अजिबात मान्य नव्हतं. काका म्हणजे माझ्या वडिलांचा सगळ्यात धाकटा भाऊ. बोरिवलीला राहतो, चांगल्या नोकरीतून रिटायर झालाय, आणि ग्रुप त्यानेच काढलेला. रिटायर झाल्यावर त्याला गावच्या आठवणी यायला लागल्या आणि त्याने ब्लॉग सुरू केला. एरवी दर वर्षी गावाला जायचं टाळणारा माणूस विहिरीवर लिहायला लागला, फणसावर लिहायला लागला, मेलेल्या बैलावर तर दोन भाग लिहिले. रविवारी बसून आठवड्याचे सगळे लेख लिहायचे आणि कुठला कधी बाहेर पडायचा त्याची वेळ लावून ठेवायची, ही त्याची पद्धत. मग तो दुपारी घोरत असताना लेख आपोआप बाहेर पडायचा आणि लिंक आपोआप ग्रुपवर यायची.

कोणी मेसेज उघडला नाही ते तो तपासायचा. निळ्या खुणा बंद करायच्या नाहीत, अशी त्याने सगळ्यांना ताकीदच दिली होती. मेसेज पोचला की दोन करड्या खुणा येतात आणि उघडला की त्या निळ्या होतात, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. काका त्यावरून हजेरी घ्यायचा.

"काय गं, आठवडा झाला, तुझी खूण निळी नाही झाली?"

"वेळ नाही रे मिळत, काका."

"वेळ काढायचा असतो. तुझ्या आईला बरा मिळतो?"

आईला मिळायचा, हे खरं होतं. तिचा पूर्ण दिवस तेवढ्यातच जायचा. चष्मा लावून, पडद्यावर बोट ठेवून, एकेक शब्द मोठ्याने वाचत ती काकाचा लेख संपवायची, आणि मग खाली अंगठा द्यायची. केकलाही द्यायची, दातांनाही द्यायची, पण काकाच्या लेखाखाली अंगठा देऊन झाला की ती फोन जरा वेळ मांडीवर ठेवून बसून राहायची. तो ब्लॉग पूर्ण वाचणारं दुसरं कोणी जगात असेल असं मला वाटत नाही.

त्याला कारण होतं. आई लग्न होऊन आली तेव्हा तिची सासू गेलेली होती आणि हा दीर अर्ध्या चड्डीत, नाक गाळत फिरत होता. गिरणीत जाणारा नवरा, एक खोली, आणि पदरात आयतं मूल. तिने त्याला गावाहून आणलं, शाळेत घातलं, रोज संध्याकाळी त्याचा एकुलता एक शाळेचा सदरा धुऊन स्टोव्हजवळ वाळत घातला. मी पुढे बऱ्याच वर्षांनी झाले. माझ्या वाटणीचं दूध तो प्यायला, असं मी चिडून म्हणायचे, आणि ती कधी नाही म्हणायची नाही.

आता सुतकाचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

भावकीत कोणी गेलं की सगळ्यांना सुतक लागतं. देवपूजा बंद. गणपती घरात असेल तर तसाच उचलून बोळवावा लागतो. पण त्यात एक पळवाट आहे, आणि ती आमच्या लोकांनी चांगली घोटून ठेवली आहे. सुतक लागतं ते बातमी कानावर आली की. कानावर आलीच नाही तर सुतक नाही, मग माणूस कधीका मेलेला असेना. पूर्वी गणपतीच्या दिवसांत गावाहून कोणी पडलेल्या चेहऱ्याने दारात आला तर त्याला उंबऱ्यावरच थांबवायचे, चहा द्यायचे, पण बोलू द्यायचे नाहीत. फोन आल्यापासून नियम आणखी सोपा झाला. मेसेज उघडला नाही म्हणजे कानावर आलं नाही. भावकीत कोणी अत्यवस्थ असेल तर गणपतीच्या आधी पोरांकडून फोनमध्ये अशी सोय करून घेतात की पडद्यावर नुसतं 'मेसेज आलाय' एवढंच दिसावं.

मागे एका गणपतीत गावची एक म्हातारी आत्या गेली. ग्रुपवर मेसेज आला आणि विसर्जनापर्यंत सगळ्यांच्या खुणा करड्या. विसर्जन करून लोक घरी आले, पाय धुतले, आणि सगळ्यांच्या खुणा एकदम निळ्या झाल्या. पाठोपाठ सगळ्यांनी 'अरेरे' लिहिलं. मला तेव्हा हसू आवरेना. आईने मला गप्प केलं. तिनेही उघडला नव्हता.

तर अशा भावकीत, गणपती तोंडावर आलेले असताना, आईच्या मूत्रपिंडांनी हात टेकले.

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात ठेवलं. काकाला फोन केला तर म्हणाला, "गणपतीची गडबड आहे गं, झाले की आलोच." गावचं घर बंद झाल्यापासून भावकीचा गणपती त्याच्याकडे येतो, त्यामुळे गडबड होती हे कबूल. गणपती बसले, आणि डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की जवळच्या माणसांना बोलावून घ्या. मी आत गेले. आईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "तेका बोलव."

तिने बाकी कोणाचं नाव काढलं नाही. जवळची माणसं म्हणजे तिच्या दृष्टीने तो. मी तिथे उभीच होते.

मी काकाला मेसेज केला. 'आई शुद्धीवर आहे, तुला बोलावतेय, आजच ये.' दोन करड्या खुणा. तासाभराने पुन्हा केला. करड्या. काका ऑनलाइन दिसत होता, कारण त्याच फोनवरून तो आरतीचे फोटो ग्रुपवर टाकत होता. मी ग्रुपवर लिहिलं. कोणाचीच खूण निळी होईना. लोक ग्रुप न उघडता गॅलरीतून परस्पर फोटो पाठवत होते. माझ्या मेसेजच्या खाली मोदक आले, त्याच्या खाली फुगडी आली, आणि माझा मेसेज हळूहळू वर सरकत दिसेनासा झाला.

मग माझ्या लक्षात आलं. आईचा फोन गडबडीत घरीच राहिला होता. जी बाई ग्रुपवरच्या प्रत्येक केकला अंगठा देते, तिचा अंगठा एकाएकी बंद झालेला. तशात वेळ नसलेल्या मुलीचे मेसेजवर मेसेज. भावकीने आपापल्या मनात आईला पोचवून टाकलं होतं.

मी फोन लावला. काकाने उचलला नाही. काकीला लावला. मागे टाळ, झांजा.

"काकी, ऐक, आईचं..."

"थांब! काही सांगू नको गं बाई. घरात देव बसलाय."

"अगं तसं काही नाहीये, ती..."

"नाही, नाही. मी काही ऐकलं नाही. नंतर बोलू आपण, हां? धीर धर." आणि फोन बंद. त्यानंतर तो बंदच राहिला.

धीर धर म्हणाली. जिवंत बाईच्या उशाशी बसून मी धीर धरायचा होता. मला असा राग आला की हातातला फोन भिंतीवर मारावासा वाटला, पण सगळी आशा त्याच्यातच होती.

आरती ते लाइव्ह दाखवायचे. तिथे खाली लिहावं म्हटलं तर कमेंट बंद करून ठेवलेल्या. देवाच्या पायाशी कोणी भलतंच लिहू नये म्हणून. काकाच्या ब्लॉगखाली लिहिलं, 'काका, आई जिवंत आहे.' उत्तर आलं की आपली प्रतिक्रिया मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे. मी स्वतः बोरिवलीला जाऊन त्याच्या दारात बोंब मारली असती, पण आईजवळ दुसरं माणूस नव्हतं, आणि सणाच्या दिवसांत मुलुंडहून बोरिवलीला जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस रस्त्यात. तेवढ्यात ती गेली असती तर? मी जागची हलले नाही.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. म्हणाले, निरोप पोचलाय. ती माझ्या फोनवर लाइव्ह बघायची. फोन तिच्या पोटावर उशी ठेवून त्याच्यावर टेकवायचा. काका मोठ्या आवाजात आरत्या म्हणायचा, आणि ही सलाइनच्या हाताची बोटं चादरीवर आपटून ताल धरायची. दार उघडलं की लाइव्ह सोडून दाराकडे बघायची. वॉर्डबॉय असायचा, नाहीतर शेजारच्या खाटेची सून. पुन्हा लाइव्ह.

गौरी आल्या त्या दिवशी तिने विचारलं, "खूण निळी झाली?"

मी तिची चादर सारखी केली.

"नाय झाली," ती म्हणाली. नियम तिला माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. तरी म्हणाली, "येतलो. गौरी गेल्यो की येतलो." दीर येईल म्हणून तिने मरण दोन दिवस पुढे ढकललं, असं मी म्हटलं तर डॉक्टर हसतील. पण दोन दिवस मी बघितलंय तिला. पाणी मागून प्यायची, औषधाला कधी नव्हे ती तोंड उघडायची.

आमच्यात गणपती गौरींबरोबर जातो. विसर्जनाच्या दिवशी दुपारी उत्तरपूजेचं लाइव्ह झालं आणि ते लोक निघाले. आई तेव्हापासून दाराकडेच तोंड करून पडली होती. संध्याकाळी, भेटायची वेळ सुरू होते न होते तोच माझा फोन वाजला. काकाचा नवा लेख. लिंकवर आईचा फोटो होता, आणि फोटोवर लिहिलं होतं, 'वहिनी, तू गेलीस...'

मी फोन उलटा केला, पण तिने बघितलं होतं.

"दी हय." तिने हात पुढे केला.

"आई, राहू दे."

"दी म्हणतंय ना."

तिने चष्मा मागितला. पडद्यावर बोट ठेवलं आणि नेहमीसारखं वाचायला लागली, मोठ्याने, एकेक शब्द. माझी वहिनी, माझी दुसरी आई, आज आपल्यात नाही. तिच्या जाण्याने मी दुसऱ्यांदा पोरका झालो. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. शेवटच्या क्षणी तिच्या ओठांवर माझंच नाव असणार याची मला खात्री आहे, परंतु विघ्नहर्त्याच्या सेवेत असल्यामुळे मला तिच्यापर्यंत पोचता आलं नाही, ही खंत जन्मभर राहील. तिच्या हातच्या सोलकढीची चव अजून जिभेवर आहे.

आई थांबली. "सोलकढी? तेका कोकम कधी सोसला? पित्त उठायचा तेका." पुन्हा एकदा ती ओळ वाचली. "खोटा लिवता मेलो."

लेख त्याने आधीच लिहून वेळ लावून ठेवला होता. विसर्जन करून दमून येणार, मग लिहिणार कधी? त्याने माणूस मेलंय की नाही ते विचारायच्या आधी मृत्युलेख लिहून ठेवला, कारण वेळ काढायचा असतो.

खाली प्रतिक्रिया यायला लागल्या होत्या. मृत्युलेखाखाली मंजुरीची अट त्याने काढली असावी. भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. नेहमी केकचे फोटो टाकणाऱ्या एका पुतण्याने लेख न वाचताच लिहिलं होतं, 'झकास काका! असेच लिहीत राहा.' आईने सगळ्या वाचल्या. कोणाची कुठली ते मला विचारून घेतलं. फोन मला परत दिला तेव्हा तिचा चेहरा मी याआधी कधी न बघितलेला होता. शांत नाही म्हणता येणार. घरात चोर शिरलेला बघून माणूस आवाज न करता उभा राहतो, तसा.

आणि मग काकाचा फोन आला. कोणीतरी सांत्वनाला फोन केला असणार आणि कधी, कुठे विचारलं असणार, तेव्हा त्याने माझे मेसेज उघडले. माझ्या डोळ्यांदेखत खुणा एकामागून एक निळ्या झाल्या होत्या.

"अगं... वयनी... आहे?"

"तू लिहिलंयस ना? वाच," मी म्हटलं, आणि फोन कापला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पाच मिनिटांनी मेसेज आला, 'निघालो.' मी आईला सांगितलं की येतोय तो. ती म्हणाली, "केस विंचर माझे." मी विंचरले. जे चार केस उरले होते त्यांची वेणी घातली, तोंड पुसलं, पदर सारखा केला. तिने नर्सकडून चहा मागून घेतला आणि तोही संपवला. मला वाटलं, झालं, पाघळली ही. आता तो येईल, रडेल, ही त्याच्या डोक्यावरून हात फिरवेल, आणि सात दिवस मी मूर्खासारखी एकटी जळले म्हणून माझ्यावरच हसतील दोघं.

तो आला तेव्हा भेटायची वेळ संपत आली होती. लेंगा गुडघ्यापर्यंत ओला, कपाळावर गुलाल, हातात प्रसादाची पिशवी. दारातून त्याचा आवाज आला, "वयनी!" आणि आईने डोळे मिटले.

तो खाटेशी आला. वाकला. "वयनी, मी इलंय. बघ गो माझ्याकडे."

आई हलली नाही.

"ही बेशुद्ध आहे का?" त्याने मला विचारलं. मी काही बोलायच्या आत नर्स पलीकडून म्हणाली, "नाही हो काका, आत्ताच चहा प्यायल्या की!"

मग त्याला कळलं. माझा काका सत्तरीला टेकलेला माणूस आहे. मी त्याला पहिल्यांदाच तसं बघितलं. त्याने तिचा हात धरला. बोटं त्याच्या मुठीत गेली, पण तिने ती वळवली नाहीत. तो बोलत सुटला. मला वाटलं गो, मला वाटलं सगळं संपलं. घरात देव होता. पंचवीस माणसं होती. मी काय करणार होतो? मग त्याने खिशातून फोन काढला, म्हणाला, "हे बघ, काढून टाकतो लेख, तुझ्यासमोर काढतो," आणि काढून टाकला. पडदा तिच्या तोंडासमोर धरला. मिटलेल्या पापण्यांसमोर तो रिकामा पडदा बराच वेळ तसाच धरून उभा राहिला. तिच्या पापण्या घट्ट होत्या, कपाळावर आठी होती. झोपलेल्या माणसाच्या कपाळावर अशी आठी नसते.

मला त्याची दया आली का? नाही आली. मी स्टुलावर बसून बघत होते.

भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली. वॉर्डबॉय येऊन उभा राहिला. काकाने प्रसादाची पिशवी तिच्या पायाशी ठेवली, पायांवर डोकं टेकवलं आणि गेला. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला, तसे आईने डोळे उघडले.

"गेलो?"

"गेला."

ती दाराकडे बघत होती. सात दिवस बघत होती तशीच. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तिने हाताने बाजूला सारला.

"जेवलो होतो काय गो तो?"

मला आधी कळेचना. "काय?"

"विसर्जनाचो दिवस. सकाळपासून उपाशी असतलो. जेवलो होतो?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं. माझा आवाज चढला. "मी विचारलं नाही."

"इचारूक नाय?"

"नाही विचारलं. तू डोळे उघडून विचारायचंस!"

तिने माझ्याकडे बघितलं. माणूस परक्या घरच्या बेपर्वा पोरीकडे बघतो तसं. आणि मग मोठ्या कष्टाने, सलाइनची नळी सांभाळत, तिने कूस बदलली आणि माझ्याकडे पाठ केली.

त्यानंतर ती तीन दिवस होती. पाणी दिलं की प्यायची, गोळी दिली की घ्यायची. नर्सशी बोलायची, शेजारच्या सुनेशी बोलायची. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.